बोर्ड गेलाय, नवीनच घ्या

गेल्या मंगळवारी आमच्या वॉशिंग मशिनने चार चादरी पोटात घेऊन मान टाकली. दार उघडेना, पाणी जाईना, आणि एवढ्याशा पडद्यावर 'ई ४' अशी अक्षरं लुकलुकत राहिली. कस्टमर केअरला फोन लावला. आपला कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे बारा मिनिटं ऐकल्यावर शुक्रवारची वेळ मिळाली.

शुक्रवारी पोरगा आला. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र. मशिनसमोर उभा राहिला, 'ई ४'चा मोबाइलवर फोटो काढला, कुठेतरी पाठवला आणि दोन मिनिटांत निकाल दिला.

"काका, बोर्ड गेलाय."

"मग बोर्ड बदल."

"या मॉडेलचा बोर्ड येत नाही आता. जुनं झालं ना."

"अरे, सहाच वर्षं झालीत."

"तेच म्हणतोय."

नवीनच घ्या, एक्स्चेंजमध्ये हजार-बाराशे सुटतील, असा आपुलकीचा सल्ला त्याने दिला. साडेचारशे रुपये व्हिजिट चार्ज घेतला, दार तेवढं उघडून दिलं, 'फाइव्ह स्टार द्या हां काका' म्हणाला आणि गेला. स्क्रू ड्रायव्हर सॅकमधून बाहेरसुद्धा आला नव्हता. तीन दिवस आंबलेल्या चादरींकडे बोट दाखवून ही म्हणाली, "अहो, बघताय काय? पिळा आता."

डबलबेडची ओली चादर एकट्याने पिळताना माणसाला फार दूरचे विचार सुचतात. मला सुचला तो अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपासचा होता.

तेवढ्या अंतरावर नासाचं व्हॉयेजर १ नावाचं यान आहे. ते ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालं. त्याच साली आपल्याकडे आणीबाणी उठली आणि जनता पक्षाचं सरकार आलं. ते सरकार सव्वादोन वर्षांत बिघडलं आणि पुन्हा दुरुस्त झालं नाही. यान अजून चालू आहे.

त्याच्यावरचे सगळे कॉम्प्युटर मिळून मेमरी किती, तर सत्तर किलोबाइटही नाही. पहाटे सहाला मामेसासऱ्यांकडून येणारा 'शुभ सकाळ'चा दवबिंदूवाला गुलाब त्यात मावणार नाही. रेडिओ साधारण २३ वॉटचा, म्हणजे फ्रिजमधल्या दिव्याएवढा. माहिती पाठवायचा वेग सेकंदाला १६० बिट. गुरूजवळचा किरणोत्सर्ग वायरींना सोसायला हवा, म्हणून उड्डाणाआधी त्यांना स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळली होती. तीच, जिच्यात आपण डब्याच्या पोळ्या बांधतो. इतक्या भांडवलावर हा गृहस्थ गुरू, शनी बघून सूर्याच्या अंगणाबाहेर पडला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याचाही बोर्ड गेला.

झालं असं, की यानावरच्या उपकरणांनी गोळा केलेली माहिती बांधून पृथ्वीकडे पाठवायला एक वेगळा कॉम्प्युटर आहे. तो अचानक शून्य आणि एकची एकच नक्षी पुन्हा पुन्हा पाठवू लागला. रेडिओ ठणठणीत, अँटेना पृथ्वीच्या दिशेला, बोलण्याला मात्र अर्थ नाही. आपल्याकडे अशाला प्रवक्ता नेमतात. यान सांभाळणाऱ्या, पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या मंडळींना तेवढी राजकीय जाण नसल्यामुळे त्यांनी हा बिघाड धरला.

आता पंचाईत बघा. यानापर्यंत संदेश जायला तेव्हा साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. सोमवारी सकाळी आठला 'काय होतंय?' असं विचारलं, तर बुधवारी पहाटे पाचला कळणार की तब्येत तशीच आहे. आमच्या मशिनच्या कंपनीला मी तक्रारीचा मेलही टाकला होता. उत्तर ४८ तासांत देऊ असं त्यांनी कळवलं. व्हॉयेजर तिथेच तीन तासांनी पुढे होता, आणि तो उत्तर खरोखर देतो.

मार्च २०२४ मध्ये त्यांनी या कॉम्प्युटरला एक ढोसणी दिली. आज्ञेचा मतलब असा, की बाबा रे, नेहमीच्या वाटेने जमत नसेल तर प्रोग्राममधल्या आडवाटेने जाऊन बघ. उलट आलं ते पुन्हा अगम्यच, पण जरा निराळं अगम्य. यानांशी संपर्क ठेवणाऱ्या डीप स्पेस नेटवर्कमधल्या एका इंजिनिअरने ते चिकाटीने उलगडलं, तर त्यात या कॉम्प्युटरची सगळीच्या सगळी मेमरी ओळीने ओतलेली निघाली. बिघाडाआधीच्या मेमरीशी ती ताडून पाहिली. तीन टक्के मेमरी खराब. गुन्हेगार एक चिप. अंतराळातल्या एखाद्या वेगवान कणाने तिला टिपलं असेल, नाहीतर सेहेचाळीस वर्षांनी ती आपली थकली असेल.

इथपर्यंत आपला पोरगाही पोचला होता. बोर्ड गेलाय. फरक इतकाच, की पासाडेनावाल्यांना एक्स्चेंज ऑफर नव्हती.

चिप बदलता येत नाही. म्हणून त्या चिपवरचा प्रोग्राम उचलून दुसरीकडे ठेवायचं ठरलं. पण तो एकसंध मावेल एवढी मोकळी जागा त्या टीचभर मेमरीत कुठेच नव्हती. तेव्हा त्याचे तुकडे करायचे आणि जिथे फट सापडेल तिथे बसवायचे. चाळीत वाढलेल्यांना हे चटकन समजेल. दहा बाय दहाच्या खोलीत एक फळी कोसळली. तिच्यावरचे डबे ठेवायला तेवढी दुसरी फळी घरात नाही. मग साखर पलंगाखाली, डाळ कोनाड्यात, चहापत्ती देवघरामागे. डबे हलवणं सोपं असतं हो. घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात साखर अजून जुन्याच फळीवर असते, ती तिथून हलवणं कठीण. रात्री चहाला उठलेल्याचा हात सवयीने तिकडे जाणार आणि भिंतीवर आपटणार. तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यातला पत्ता बदलायचा, एकही विसरायचा नाही, आणि हे सगळं घरात पाऊल न टाकता पत्राने कळवायचं.

त्यात घर बांधणाऱ्यांपैकी बरेच जण आता सेवेत नाहीत. पहिल्या पिढीची टिपणं, जुन्या कागदांची बाडं चाळत काम करायचं. सत्तरच्या दशकात कुणी समासात काय खरडून ठेवलंय यावर २०२४ मधल्या माणसाची मदार. आमच्याकडे मशिनचं वॉरंटी कार्ड सापडेना.

१८ एप्रिल २०२४ रोजी पहिला हलवलेला तुकडा रवाना झाला. २० एप्रिलला उत्तर आलं, आणि पाच महिन्यांत प्रथमच यानाने आपली प्रकृती समजेल अशा भाषेत सांगितली. जूनपर्यंत चारही उपकरणांची माहिती पूर्ववत येऊ लागली. व्हॉयेजरचे मुख्य शास्त्रज्ञ एड स्टोन त्याच जूनमध्ये गेले. १९७२ ते २०२२, पन्नास वर्षं त्यांनी ही एकच जबाबदारी सांभाळली. आपल्याकडे पन्नास वर्षं एकाच टेबलावर बसलेल्या माणसाबद्दल लोक वेगळाच संशय घेतील.

या जूननंतर लगेच जो जुलै आला, त्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभरच्या विंडोज कॉम्प्युटरांना एक अपडेट पाठवलं. अंतर शून्य, उत्तर तत्काळ, मेमरी हवी तेवढी. प्रोग्राम एकवीस रकाने वाचायला बसला होता आणि त्याच्या पुढ्यात ठेवले होते वीस. एकविसाव्यासाठी त्याने हात लांबवला तो भिंतीवर आपटला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर निळं तोंड करून बसले. विमानं अडली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले. ते पेन मात्र कोणत्याही अपडेटशिवाय चालले असं समजतं.

व्हॉयेजर २ ची कथा याहून घरगुती आहे. हा धाकटा, पण निघाला थोरल्याच्या आधी, २० ऑगस्ट १९७७ ला. १९७८ च्या एप्रिलमध्ये पृथ्वीवरची मंडळी थोरल्याच्या आजारपणात गुंतली होती, आणि धाकट्याला ठरल्या वेळी खुशालीचा संदेश धाडायचा राहून गेला. बराच वेळ घरून कुणी बोललं नाही तेव्हा त्याने समजूत करून घेतली की आपलाच कान बिघडलाय, आणि तो राखीव कानाकडे वळला. राखीव कानात एक कपॅसिटर आधीच गेलेला होता. पुन्हा मूळ कानावर आणला, तर तो थोड्याच वेळात कायमचा बंद पडला. तेव्हापासून धाकटा अधू कानावर जगतो. रेडिओची पट्टी जरा हलली की त्याला ऐकू येत नाही, आणि त्याची ऐकायची पट्टी स्वतःच्या तापमानाप्रमाणे सरकते. म्हणून गेली पंचेचाळीसहून अधिक वर्षं आज्ञा देण्याआधी पृथ्वीवर हिशेब होतो, की आज बाळाचं अंग किती गरम, म्हणजे आज कोणत्या सुरात बोलायचं.

माझ्या आजीला एकाच कानाने आणि फक्त माझ्या आत्याच्याच आवाजात ऐकू यायचं. बाकीच्यांनी आत्याची नक्कल करायची. घरात कुणालाही त्यात इंजिनिअरिंग दिसलं नव्हतं.

२०२२ मध्ये थोरल्याने आणखी एक गंमत केली. यानाचं तोंड पृथ्वीकडे नीट होतं, संदेश येत-जात होते, पण दिशा सांभाळणारी यंत्रणा स्वतःबद्दल मात्र वाटेल ते आकडे कळवत होती. शोध घेता कळलं, की ही माहिती ती काही वर्षांपूर्वीच बंद पडलेल्या एका कॉम्प्युटरमार्फत पाठवत होती. बंद पडलेल्या खात्यातून फाइल फिरवायची ही पद्धत यान कुठून शिकलं, याची चौकशी व्हायला हवी. काम चोख होतं, अहवाल तेवढा खोटा होता. मंत्रालयात याच्या नेमकं उलट असतं.

आणि यानाला ढकलणारे ते थ्रस्टर. नोव्हेंबर १९८० नंतर व्हॉयेजर १ वरचे चार थ्रस्टर कुणी पेटवलेच नव्हते. नेहमीचे झिजत आले म्हणून २०१७ च्या नोव्हेंबरात, सदतीस वर्षांनी, ते पेटवून बघितले. पहिल्या खेपेला लागले. आमच्या माळ्यावर वातीचा एक स्टोव्ह आहे. भारनियमनाच्या दिवसांत तो खाली काढायला गेलो, तर माळ्यावर चढायची शिडीच मोडलेली निघाली.

कुणी म्हणेल, ही जुनी माती, जुने कुंभार. आताच्या मालात तो दम नाही. तेही खरं नाही. मंगळावर नासाने इनजेन्युइटी नावाचं १.८ किलोचं हेलिकॉप्टर पाठवलं. त्याच्या डोक्यात स्नॅपड्रॅगन ८०१ होता, म्हणजे २०१४ च्या सुमारास मोबाइलमध्ये येणारा प्रोसेसर. रात्री उणे ९० अंशांपर्यंत थंडी. ठरवली होती पाच उड्डाणं, केली बहात्तर, एप्रिल २०२१ ते जानेवारी २०२४. तोच प्रोसेसर असलेला फोन माझ्या कपाटात आहे. दुकानात नेला तर काउंटरवरच्या मुलाने तो दोन बोटांत धरला, उकिरड्यावरचं काही उचलावं तसा, आणि म्हणाला, "यावर आता बँकेचं ॲप चालणार नाही." मंगळावर उडायला चालेल, बँकेतली शिल्लक बघायला चालणार नाही.

हं, आता कुणीतरी पैशाचा मुद्दा काढणार. नासाकडे पैसा आहे, जोश्यांच्या वॉशिंग मशिनसाठी पंचवीस इंजिनिअर कोण बसवणार? मान्य. पण आमच्या मशिनवर कुणी पंचवीस सेकंदही बसलं नाही. व्हॉयेजर बांधणाऱ्यांनी तो बिघडणार हे धरून बांधला, कॉम्प्युटर जोडीजोडीने ठेवले, आतला प्रोग्राम बाहेरून बदलता येईल अशी सोय केली. आमच्या मशिनचा बोर्ड रबरासारख्या लुकणात बुडवून बंद केलाय. पाण्यापासून बचाव, असं कंपनी म्हणते. पाण्यापासून की पान्यापासून?

आपल्या सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून २०२२ च्या डिसेंबरात एक पोर्टल काढलं. देशात कशाचीही दुरुस्ती करायची म्हटली की आधी पोर्टल निघतं. हेतू चांगला आहे, मी तिथे जाऊनही आलो. फक्त मशिनला ते माहीत नव्हतं.

बरं, या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. परग्रहावरच्या कुणाला सापडलीच तर वाजवून बघावी म्हणून. सोबत सुई आणि कार्ट्रिज दिलंय, कशी वाजवायची ते चित्रं काढून दाखवलंय. फोनच्या खोक्यातून चार्जर काढून घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. नक्षत्रांपलीकडच्या गिऱ्हाइकालासुद्धा ॲक्सेसरी वेगळी मागवावी लागत नाही.

तबकडीत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत. त्यात मराठीही आहे, एका बाईंच्या आवाजात. नमस्कार करून पृथ्वीकरांचे शुभविचार कळवले आहेत आणि याच जन्मी तुमचं भलं होवो अशी इच्छा केली आहे. समोरच्याला जन्म एकच असतो की अनेक, याची विचारपूस न करता. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या एका बोलीत 'जेवलात का, सवड असेल तर या आमच्याकडे' असं मोकळेपणाने म्हटलंय. आमच्या शुभेच्छांत 'या' हा शब्द नाही. सदिच्छा भरपूर, आमंत्रण नाही. बाई पुण्याच्या होत्या का, असा प्रश्न मी काढणार नाही. वेळही दुपारी एक ते चारची असू शकेल.

व्हॉयेजर १ ने २५ ऑगस्ट २०१२ रोजी सौरवाऱ्याचा बुडबुडा ओलांडला, म्हणजे मराठी त्या दिवशी ताऱ्यांमधल्या प्रदेशात पोचली. दिल्लीहून अभिजात दर्जा मिळायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. कागदपत्रांना वेळ लागतोच.

त्याच तबकडीवर केसरबाई केरकर आहेत. गोव्याच्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. साडेतीन मिनिटांची भैरवी, 'जात कहाँ हो'. तबकडी बनवणाऱ्यांनी, पुन्हा कधीही परत न येणाऱ्या यानावर, सगळं हिंदुस्थानी संगीत धुंडाळून नेमकं काय चढवलं, तर 'निघालात कुठे?' यान निघाल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या. आवाज सेकंदाला सतरा किलोमीटरने पुढे चाललाय. २०२६ च्या नोव्हेंबरात तो पृथ्वीपासून एक प्रकाशदिवस लांब असेल असा हिशेब आहे. म्हणजे आज हाक मारली की उद्या ऐकू जाणार, परवा 'ओ' येणार. यानातल्या प्लुटोनियमची ताकद वर्षाला चारेक वॉटने उतरते, म्हणून एकेक उपकरण, एकेक हीटर बंद करत आणलाय, निजानीज झाल्यावर थोरल्या बाईने घरातले दिवे मालवत जावं तसा. तबकडीला वीज लागत नाही. ती तशीच राहणार.

चादरी वाळत घातल्या. नव्या मशिनच्या किमती पाहून झाल्या. तेवढ्यात समोरच्या वहिनींनी सांगितलं, की मागच्या गल्लीत पंखे-मिक्सरवाला बसतो, तो बघेल कदाचित. रविवारी तो आला. पायात स्लिपर, खांद्याला कापडी पिशवी. मशिनला आडवं केलं, आठ स्क्रू काढले, ओळीने माझ्या तळहातावर ठेवले आणि बॅटरीच्या उजेडात आत डोकावला. बोर्डाकडे त्याने पाहिलंही नाही. बोर्डाला जाणाऱ्या वायरींच्या जोडावर मुंग्यांनी घर केलं होतं. त्याने आमचा एक जुना टूथब्रश मागून घेतला, कसल्यातरी बाटलीतलं पातळसं काही लावून पिना घासल्या, फुंकर मारली, जोड दाबून बसवला. उंदराने कुरतडलेली एक वायर सोलून पिळली, तिला चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर, मी बघतच राहिलो, खिशातल्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला.

मशिन सुरू झालं. पाणी घेतलं, गरगरलं, पिळलं, पाणी सोडलं. तीनशे रुपये.

मी पडद्यावर पाहिलं. 'ई ४' तसंच लुकलुकत होतं.

"अहो, हे अजून दिसतंय की."

त्याने तळहातावरचे स्क्रू एकेक करून उचलून घट्ट केले, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, "तिकडं बघू नका साहेब. कपडे बघा."